चाळीस पावलं खाली आलेला दगड

मी मोजणीचा दगड बोलतोय. अख्ख्या वसई तालुक्याची जमीन माझ्या डोक्यावर तोललेली आहे. म्हणजे, अख्ख्या तालुक्याची नाही. फुलपाड्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी दोन-अडीच एकर भातशेती आहे, तेवढ्याची. आणि एका करवंदाच्या जाळीची. ती जाळीसुद्धा अर्धी शेजाऱ्याची.

शिक्षण विचाराल तर माझ्या डोक्यावर एक फुली आणि तीन आकडे कोरलेत, तेवढंच. पाथरवटाची छिन्नी बोथट झाली आणि माझी शाळा सुटली. तरी चांगली शिकलेली माणसं माझ्यापुढे गुडघे टेकून बसतात. कुणाला आकडे वाचायचे असतात, कुणाला मूल हवं असतं.

साहेबाच्या राज्यात लोखंडी साखळी ओढत मोजणीची माणसं आली, तेव्हा मला इथे आणलं. शेताच्या वरच्या हद्दीवर त्यांनी खड्डा खणला, तळाशी टोपलीभर कोळसा ओतला आणि त्यावर मला उभं पुरलं. कोळसा का, तर तो मातीत कुजत नाही. दगड कुणी उपटून नेला तरी खणल्यावर काळं निघतं आणि खरी जागा कळते. थोडक्यात, माझ्यावर भरवसा ठेवायचा नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी उमगलं होतं. हुशार माणसं.

येणाऱ्याजाणाऱ्याची बोटं फोडणं हा माझा पहिला उद्योग. एका नवरदेवाचा अंगठा मी असा फोडला, की बिचारा लंगडत बोहल्यावर चढला. पुढे एका म्हाताऱ्याला माझी ठेच लागली आणि त्याच दिवशी त्याची हरवलेली म्हैस सापडली. झालं! दुसऱ्या दिवशी मला शेंदूर फासला. मी देव झालो. म्हैस स्वतःच्या पायांनी घरी आली होती, पण ते मी कशाला सांगू?

मग लोक कौल लावायला येऊ लागले. ओल्या शेंदरावर दोन फुलं चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. फुलं कधी वारा पाडायचा, कधी मुंगी. मान मला मिळायचा. पण दगडालाही थोडं काही करता येतं. उन्हात एका अंगाने जरा जास्त तापायचं, म्हणजे त्या अंगाचा शेंदूर पातळ होतो आणि फूल घसरतं. कुणाचं लग्न मी असं जमवलं, कुणाचं मोडलं. मजा होती!

शेत श्रीपतचं. घरात तो, त्याची आई रखमाबाई आणि बायको रंभा. रंभाला पहिली मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. बारसं दुसऱ्या दिवशी होतं, म्हणजे पोरीला नावसुद्धा नव्हतं. तान्ह्या बाळाला जाळत नाहीत. श्रीपतने माझ्यापासून हातभर अंतरावर तिला पुरलं. रंभाने तिथे चाफ्याची फांदी खोचली आणि जवळ बसून राहिली. रडली नाही. संध्याकाळी उठताना मला म्हणाली, "लक्ष ठेव रे."

त्यानंतर दोन दिवस मी कुणाचीही बोटं फोडली नाहीत. तिसऱ्या दिवशी तलाठी आला, तेव्हा राहवलं नाही.

चाफा वाढला. रंभा रोज येऊन त्याला पाणी घालायची आणि उरलेलं माझ्या डोक्यावर ओतायची. पुढे तिला आणखी मुलं झाली, मोठी झाली, शहरात गेली. पण ती वर यायची ती या पहिलीसाठी.

रखमाबाईचे गुडघे धरले तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. म्हातारीने घरात हट्ट धरला. "मना वर चढवत नाय. देवाला खाली आना, घराजवल."

श्रीपत बिचकला. "आये, तो हद्दीचा पन दगड हाय."

"तो हद्दीचा नंतर, आदी देव. त्यालाच विचार ना."

मग काय, कौल लागला. दोन फुलं चिकटवली. खाली आणू का देवा, म्हणून श्रीपतने हात जोडले. सगळे श्वास रोखून उभे. आणि मला खालून सुक्या बोंबलाचा वास येत होता, भाकरी भाजल्याचा येत होता. वर मला काय, वारा आणि माकडं! मी उजव्या अंगाने तापलो. खोटं का बोलू, गंमत म्हणून तापलो. उजवं फूल टपकन पडलं.

सहा जणांनी पहारी लावून मला उपटलं, बांबूला बांधलं आणि चाळीस पावलं खाली, शेताच्या मधल्या बांधावर आणून रोवलं. हद्दीचा दगड हलवणं गुन्हा असतो हे श्रीपतला ठाऊक होतं. म्हणून त्याने गावात सांगितलं, देव आपल्या पायांनी चालत खाली आला. लोकांनी मानलं. लोक मानतात. मी पोट धरून हसलो, पोट नसताना. वर चाफ्यापाशी नुसता खड्डा राहिला, तोही पावसाने भरून गेला.

रखमाबाई गेली. मला उचलणारे सहाही गेले. श्रीपत गेला. जाण्याआधी रंभाला म्हणाला होता, "दगडाचं कुनाला बोलू नको हां." ती बोलली नाही. पाठीत वाकली तरी चाळीस पावलं चढून चाफ्याला पाणी घालत राहिली.

मग आले दगडशोधे. आचोळ्याचा स्वरूप औषधांचं गोदाम सांभाळायचा. रविवार आला की जुना नकाशा आणि फोन घेऊन रानात शिरायचा आणि मोजणीचे जुने दगड शोधायचा. छंद हो! आम्हा दगडांवर कुणी इतकं प्रेम केलेलं मी पाहिलं नव्हतं. अंगभर काटे, कानात कोळिष्टकं, आणि दगड सापडला की चेहरा असा, जणू हरवलेला मामा भेटला. बरोबर वटारचा ऑस्कर असायचा, पाव आणि उकडलेली अंडी घेऊन. त्याला दगडांपेक्षा चालण्याची आणि खाण्याची हौस जास्त.

थंडीतल्या एका रविवारी दोघे माझ्यापुढे उभे राहिले. स्वरूपने शेंदराखालची फुली बोटाने चाचपली आणि ओरडला, "ऑस्कर, शंभरावा! आपला शंभरावा!"

"तुझा. मी काय मोजत नाही." ऑस्करने फोन पाहिला. "अरे, पण हा नकाशात वर आहे. ते चाफ्याचं झाड दिसतंय ना, तिथे. चाळीस-एक पावलांचा फरक पडतोय."

"झाडीत फोन असाच करतो."

"मग हातभर खोद ना. खाली कोळसा असेल तर तूच खरा. तूच शिकवलंयस मला."

"देवाच्या पायाशी खोदू? गावचे लोक आपल्याला गाडतील इथे."

तेवढ्यात रंभा कळशी घेऊन बांधावर आली. स्वरूपने चटकन नमस्कार केला. "आजी, हा दगड पहिल्यापासून इथेच आहे ना?"

मी रंभाकडे पाहत होतो. तिची नजर एकदा वर चाफ्याकडे गेली. मग नवऱ्याचे शब्द आठवले असावेत. म्हणाली, "देव हाय तो. देव कदी हलतो का?"

"ऐकलंस?" स्वरूप ऑस्करला म्हणाला.

ऑस्करने अंडं सोललं आणि तोंडात टाकलं. स्वरूपने माझे चारी बाजूंनी फोटो काढले. त्यांचा फोनवर दगडशोध्यांचा गट आहे, तिथे लिहून टाकलं: 'सुस्थितीत. मूळ जागी. शेतमालकीण आजी सांगतात, हललेला नाही.' शंभर लोकांनी अंगठे दाखवले. शंभर अंगठे, आणि एकही माझ्यावर आपटला नाही!

उन्हाळ्यात वरचं रान कुणीतरी विकत घेतलं. भिंत घालायची म्हणून घेणाऱ्याने स्वतःचा खासगी मोजणीदार आणला. आजूबाजूचे दगड केव्हाच गायब झाले होते. त्याने फोनवर शोधलं, तर स्वरूपचं लिखाण सापडलं. खूश होऊन त्याने माझ्यापासून दोरी ताणली. चाफा दोरीच्या पलीकडे गेला.

रंभा धावत आली. धावत म्हणजे, जेवढं तिला धावता येतं तेवढं. "ओ भाऊ, हद वर हाय. चाफ्याच्या वर. हा दगड आमी खाली आनलाय."

"कोणी आणला?"

"माज्या मालकानं. सासूचे गुडघे धरलेले म्हनून."

"मालक कुठेत?"

"गेले."

"आणखी कोणी पाहिलं?"

"ते पन गेले."

मोजणीदाराने तिला फोन दाखवला. "आजी, हे बघा. दगड मूळ जागी आहे, माहितगार माणसाने लिहिलंय. आणि तुम्हीच सांगितलंय त्याला, हे पण लिहिलंय."

वाचता येत नसतानाही रंभा त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग तिने कळशी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. चाफ्याखाली आपली पोर आहे, अकरा दिवसांची, हेही सांगितलं. मोजणीदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "तुम्ही त्याच माणसाकडून लिहून आणा. मी थांबवायला सांगतो."

स्वरूपने जाताना आपला नंबर देऊन ठेवला होता. रंभाने शेजारणीच्या फोनवरून त्याला बोलावलं. तो संध्याकाळी कामावरून सरळ आला. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याजवळ उकिडवा बसला. पहार नव्हती, पण घरात विळा होता, खुरपं होतं. हातभर खोदायचं होतं फक्त. खाली कोळसा नाही, एवढं दिसलं असतं तरी पुरलं असतं.

त्याने मला हात लावला. घामाने ओला झालेला हात. मी ओरडलो, अरे खोद! दगडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? आयुष्यभर गंमत करायला अंग तापवता आलं. त्या संध्याकाळी ऊन उतरलेलं होतं आणि मी गार पडलो होतो.

"रविवारी येतो, आजी," तो उठत म्हणाला. "ऑस्करला घेऊन येतो, नीट मोजमाप करून लिहितो. असं घाईने लिहिलं तर माझ्या बाकीच्या नव्व्याण्णव नोंदी पण लोक खोट्या धरतील."

"रविवारपर्यंत ते थांबतील ना?"

"थांबतील. चार दिवसांनी काय होतंय?"

तीन दिवसांनी जेसीबी आला. चालवणाऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. दोरीच्या पलीकडचं सगळं सपाट करायचं, एवढंच त्याला माहीत. जाता जाता त्याच्या चाकाने मला बांधावरून उखडलं आणि मी आडवा झालो. आडवा पडल्यावर मला वरचं सगळं स्वच्छ दिसलं, दिसायला नको होतं तेही. चाफा मुळासकट वर आला. त्याच्या मुळांबरोबर काळी माती आली. माझा कोळसा. इतकी वर्षं खरं बोलायला टपून बसलेला. आणखी काय आलं ते चालवणाऱ्याला कळलं नाही. मला कळलं. माती गाडीत भरली, तशा सहा-सात गाड्या गेल्या, भराव टाकायला. कुठे, ते कुणालाच नीट सांगता येईना. एक नालासोपाऱ्याकडे, एक खाडीच्या बाजूला, असं काहीतरी.

रंभा तेव्हा लेकाकडे पोचलेली, त्याला आणायला. परत आली तेव्हा वर नुसता लाल उघडा उतार होता.

आता मी बांधाखाली आडवा पडलोय. शेंदराची बाजू चिखलात आहे. कुणी नमस्कार करत नाही, ठेच लागायलाही मी वाटेत नाही. तुम्हालाही रविवारी रानात फिरून आमच्यासारखे दगड शोधायचा नाद असेल, तर खुशाल शोधा. आम्हाला बरं वाटतं. पण आमच्यावर विश्वास ठेवू नका. हात मातीत घाला. आणि जवळ राहणारं माणूस बोलताना दुसरीकडेच बघत असेल, तर त्याला पुन्हा विचारा. माझ्या हसण्यावर तर मुळीच जाऊ नका. मी जन्मभर हसलो, आणि ते फूल मीच पाडलं होतं.

त्या रविवारी, ठरल्याप्रमाणे, स्वरूप आला होता. ऑस्करने आधी मी उभा होतो ती जागा खोदली. हातभर खोदली. नुसती पिवळी माती. मग तो वर जाऊन उतारावरून मूठभर कोळसा घेऊन आला आणि स्वरूपच्या तळहातावर ठेवला.

रंभा माझ्यावरच बसली होती. बसायला दुसरं काही उरलं नव्हतं.

स्वरूप तिच्यापुढे खाली बसला. "आजी, मी ते लिहिलेलं काढून टाकलंय. सगळ्यांना कळवलंय की चूक झाली. तुम्ही तक्रार करा, मी साक्ष देतो, जमीन परत मिळेल." मग म्हणाला, "पण तुम्हीच तर म्हणाला होतात, देव हलत नाही. मी काय, मी नुसते दगड शोधणारा माणूस."

रंभाने त्याच्या हातातल्या कोळशाकडे पाहिलं.

"सोदनारा हायस ना? मंग आता माजी पोर सोदून दे."