धिंगरीतली पुन्हा पुन्हा येणारी ओळ

एप्रिलात नागम्मा गेल्या. बरं, हे वाक्य तूर्त वाचलंच नाही असं समजा. नागम्मा उदगिरात आहेत, ठणठणीत आहेत आणि फोन कानाला लावून नांदेडच्या पोराला विचारताहेत,

"मल्लू, जेवलास का? आळिंबीवर अजून पाणी शिंपू का रं?"

"हाव, अव्वा."

पोरगा म्हणजे मल्लिकार्जुन. धिंगरी आळिंबीच्या, म्हणजे मशरूमच्या, डीएनएवर पीएच.डी. करत होता. आळिंबी घरचीच. नागम्मा मागच्या अंधाऱ्या खोलीत सोयाबीनच्या भुसकटाच्या पिशव्या टांगून ती पिकवायच्या. दिवाळीत त्यानं तिचा नखाएवढा तुकडा नेला, प्रयोगशाळेच्या फ्रिजात ठेवला, आणि तेवढ्यात त्याचं काम भागलं. हे त्यानं गाइडला सांगितलं, रूम पार्टनरला सांगितलं, मेसच्या आचाऱ्यालाही सांगितलं. अव्वाला सांगायचं राहिलं.

नागम्मांच्या मते पिशव्या वाळल्या, की पोराची डिगरी वाळली.

त्या साली लातूरला पाणी रेल्वेनं आलं, विनातिकीट. नागम्मांच्या गल्लीत टँकर यायचा, तोही मनात आलं तर. शेजारच्या कमलम्मा वैतागायच्या, "मानसाला प्यायला न्हाई अन् तुम्ही कुत्र्याच्या छत्रीला आंघोळ घालायलाव!"

"पोराचा अभ्यास हाय तो. अन् आता उदगीर जिल्हा व्हायलाय. जिल्हा झाला की नळ आलाच म्हणून समजा."

चौकातल्या एका हॉटेलवाल्यानं पाटीवर 'जि. उदगीर' रंगवूनही घेतलं होतं. फक्त जिल्हा यायचा बाकी होता.

इकडे गाइड मल्लिकार्जुनाला समजावत होते, "आपलं मशीन डीएनएचे बारीक तुकडे वाचतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा आली, की ते तुकडे एकमेकांवर चढतात. दोनशेदा आलेली ओळ एकदाच आल्यासारखी दिसते. झाकून टाक ती. नवीन काही नसतं त्यात."

तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलास का? अजून शिंपू का रं?"

"हाव अव्वा, हाव." नवीन काही नव्हतं त्यात.

आता ते पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही. भर दुपारी टँकरची घागर मागच्या खोलीत नेताना नागम्मा उंबऱ्यात टेकल्या, आणि टेकूनच राहिल्या. त्यांच्या लिंगायतांत माती देताना माणसाला बसवतात. नागम्मांनी तेवढंही काम कुणाला ठेवलं नाही.

माती झाल्यावर मल्लिकार्जुन मागच्या खोलीत गेला. बाहेर गाव करपलं होतं, आणि इथं ओल्या बारदानाखाली पिशवीन् पिशवी फुलली होती. लग्नघरासारखी.

"सोता घोटभर प्यायच्या," दारातून कमलम्मा म्हणाल्या, "बाकी समदं ह्यांला."

"काकू, तुम्ही अडवलं न्हाई?"

"लई अडवलं. पर तूच रोज हाव म्हणायलास म्हणं."

किती वेळा म्हणालो, ते तो आठवू लागला. कित्येक महिन्यांचे फोन होते. आठवला एकच. बाकीचे त्याच्यावर चढून बसले होते.

तिसऱ्या दिवशी त्यानं कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला:

प्रति, मा. जिल्हाधिकारी, नियोजित जिल्हा उदगीर.

विषय: फोन सुटे करून मिळणेबाबत.

महोदय, कै. नागम्मा यांनी अर्जदारास वेळोवेळी केलेले सर्व फोन अर्जदाराच्या स्मरणात एकच फोन म्हणून जमा झाले आहेत. तरी ते सुटे करून मिळावेत, व त्यांपैकी आपल्या सोयीच्या कोणत्याही एका फोनमध्ये अर्जदाराच्या 'हाव' या उत्तराऐवजी 'नको अव्वा, तू पी' अशी दुरुस्ती करण्यात यावी, ही नम्र विनंती.