रेमीचं कडं

आमच्या घरात जेवणाचा रुमाल रोज धुवायला टाकत नाहीत. रविवारी धुतलेला रुमाल घ्यायचा, जेवण झालं की घडी घालून आपल्या नावाच्या लाकडी कड्यात सरकवायचा आणि तोच पुढच्या रविवारपर्यंत वापरायचा. कडं फक्त घरच्या माणसाला. पाहुण्याच्या रुमालाला नुसती गाठ. आमची तिन्ही कडी माझ्या नवऱ्यानं, आर्मेलनं, कातून घेतली होती आणि तापलेल्या खिळ्यानं त्यांवर नावं डागली होती. आर्मेल, सोलांज, रेमी.

आर्मेल जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि रेमी, आमचा एकुलता एक, तेव्हापासून घरी आला नव्हता. दोष माझाच. मी अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. कुणी चुकीचं बोललं की माझ्याच्यानं राहवत नाही. लहानपणी रेमी पडून रडत आला, तरी मी आधी त्याचं वाक्य सुधारायची आणि मग गुडघा पुसायची. बापाला निरोप द्यायला तो थडग्यापाशी उभा राहून कागदावरून वाचू लागला, आणि मी चारचौघांत त्याची चूक काढली. तो तिथेच थांबला, कागद खिशात घातला आणि तडक स्टेशनवर गेला. त्यानंतर वर्षाला एक नववर्षाचं कार्ड, तेही जानेवारी सरता सरता.

घर खायला उठलं, तेव्हा परदेशी लोकांना फ्रेंच शिकवणाऱ्या एका शाळेला मी कळवलं की माझ्याकडे एक खोली आहे. सप्टेंबरात एतू आला. फिनलंडचा सुतार, छत्तीस वर्षांचा, दाराच्या चौकटीला कपाळ आपटेल एवढा उंच. वर्षभर काम बंद ठेवून फ्रेंच शिकायला आला होता.

"एवढा खटाटोप कशासाठी रे?" मी विचारलं.

तो बराच वेळ शब्द जुळवत राहिला. "तरुण होतो तेव्हा इथं नदीकाठी आठ दिवस तंबूत राहिलो. संध्याकाळी लोक हसायचे. कशाला हसतात ते मला कळत नव्हतं. ते कळून घ्यायचंय."

आणि पठ्ठ्यानं कळून घेतलं. सकाळी शाळा, दुपारी दू नदीवर गळ टाकून बसणं, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेत म्हाताऱ्यांबरोबर पत्ते. शनिवारी बाजारात चीजवाली त्याला उगाच आणखी एक काप चाखायला द्यायची, म्हणायची, "आधी चीजचं नाव नीट घे, मग खा." घरी येऊन तो दिवसभरातले विनोद मला सांगायचा, निम्मे चुकीचे. मी दुरुस्त करायची. तो रागवायचा नाही. वही काढायचा आणि म्हणायचा, "सोलांजबाई, पुन्हा सांगा."

वरच्या मजल्यावरची जिनेत, माझी चाळीस वर्षांची मैत्रीण, हसायची. "बघ बाई, तुझ्याकडून चुका काढून घ्यायला कुणीतरी समुद्र ओलांडून आलंय. आता तुला मरायला हरकत नाही."

नोव्हेंबरात एतूनं खिडकीची झडप दुरुस्त केली. आर्मेल गेल्यापासून ती अडकलेली होती. त्या दुपारी जेवायला बसलो, स्वयंपाकघरात तीन वर्षांनी नीट उजेड आला होता, आणि त्याच्या ताटाशी तो गाठ मारलेला रुमाल बघून माझी मलाच लाज वाटली. मी खणातून रेमीचं कडं काढलं. "रेमी येईपर्यंत वापर," असं म्हणाले. एतूनं ते अंगठ्यानं चोळून बघितलं, लाकडाचं कौतुक केलं. दोन आठवड्यांत मला त्याच्यावरचं नाव दिसेनासं झालं.

जानेवारीत कार्ड आलं. 'शेवटच्या रविवारी जेवायला येतो. गालेत कर. रेमी.' एवढ्याशा मजकुरात एक चूक होती. ती मी पाहिलीच नाही, असं ठरवून टाकलं.

आठवडाभर मी घर घासत होते. रेमीच्या आवडीची कोंबडी, आमच्याकडच्या पिवळ्या वाइनमधली, अळंबी घालून. बदामाच्या सारणाची गालेत, म्हणजे जानेवारीत करतात तो गोल, चपटा केक, आत एक चिनी मातीचा दाणा लपवलेला; ज्याच्या तुकड्यात येईल तो त्या दिवसाचा राजा. जिनेतला आणि एतूला मी बजावलं, "आज मी तोंड शिवलंय. त्यानं काहीही बोलू दे, मी एक शब्द सुधारणार नाही. एवढं जमलं तर पोरगा परत येईल."

"आणि नाही जमलं तर?" जिनेतनं विचारलं.

"तर मला टेबलाखालून लाथ घाल."

रेमी बाराला आला. कानाशी केस पिकले होते. दोन्ही गालांचे मुके घेतले, कोट काढला आणि आपल्या खिडकीजवळच्या जागेकडे गेला. जरा थबकला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसला. तिथल्या रुमालाची गाठ त्यानं सावकाश सोडवली. मी तेव्हा कोंबडीचं झाकण काढत होते.

जेवण मजेत चाललं. त्यानं कामाचं सांगितलं, लिऑं शहरातल्या घराचं सांगितलं, दोनदा चुकला. मी दोन्ही वेळा पाण्याचा घोट घेतला. मग एतूला वाटलं, आपणही काहीतरी बोलावं. त्यानं कडं उचललं आणि म्हणाला, "मी या घरात आलो तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं, पण दोन महिन्यांनी सोलांजबाईंनी मला हे कडं दिलं, आणि तेव्हापासून हे मला माझंच घर वाटतं."

एवढं लांब वाक्य! कुठेही अडखळला नाही, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास रे! एकही चूक नाही!"

जिनेतची लाथ माझ्या नडगीवर बसली. मला वाटलं, तिचा पाय चुकून लागला.

"खरंच छान बोलता तुम्ही," रेमी एतूला म्हणाला.

मग गालेत आली. मी चौघांसाठी पाच तुकडे केले, एक रीतीप्रमाणे दारी येईल त्या गरिबासाठी. सगळ्यांत धाकट्यानं टेबलाखाली बसून कुणाला कुठला तुकडा ते ओरडून सांगायचं असतं. आमच्याकडे हे काम कायम रेमीचं. एक्केचाळीस वर्षांचा माझा मुलगा हसत खुर्ची मागे सारून उठला.

"अरे बस," जिनेत बोलून गेली, "आता धाकटा एतू आहे." मग तिनं जीभ चावली.

रेमी बसला. एतूचे पाय टेबलाबाहेर राहिले. खालून तो ओरडत होता, "हा रेमीचा! हा सोलांजबाईंचा!" दाणा जिनेतच्या कवळीखाली आला आणि तिनं ठेवणीतली शिवी हासडली. सगळे हसलो. रेमीसुद्धा.

चारच्या गाडीनं तो गेला. दारात म्हणाला, "जेवण फार छान झालं. आभारी आहे."

मी तरंगतच आत आले. "बघितलंस जिनेत? एक शब्द सुधारला नाही मी!"

ती टेबलाकडे बघत होती. रेमीच्या ताटाशेजारी त्याचा रुमाल चुरगळून पडला होता.

"विसरला?" एतूनं विचारलं.

"माझा मुलगा आहे. विसरणार नाही." मी खाली बसले. "आमच्यात घडी घालतो तो पुन्हा जेवायला येणार असतो. एकदाच आलेला पाहुणा रुमाल असा ठेवून जातो. सहा वर्षांचा असताना मीच शिकवलं त्याला."

तेव्हा कुठे माझी नजर एतूच्या ताटाकडे गेली. कड्यावर नाव होतं, रेमी. टेबल मी मांडलं होतं. गाठ मी मारली होती. आठवडाभर फक्त जिभेवर पहारा ठेवला आणि हातांकडे लक्षच दिलं नाही. मी त्या रुमालात तोंड खुपसून रडले, आणि एतू आपली वही हातात धरून तसाच उभा राहिला.

मी फोन केला. रेमी म्हणाला, "अगं आई, गाठ तर गाठ. चांगला माणूस आहे तो. तुला सोबत झाली, बरं झालं." त्याच्या आवाजात राग असता तर मला काही करता आलं असतं.

जूनमध्ये एतू गेला. कॅफेतले सगळे म्हातारे स्टेशनवर आले होते, आणि त्यांनी केलेल्या प्रत्येक विनोदाला तो बरोबर जागी हसला. मी घरी परतले तर टेबलावर त्याचा रुमाल चुरगळून ठेवलेला. मला क्षणभर रागच आला. घरचा झाला होता तो, त्यानं घडी घालायला हवी होती. मग खिडकीजवळच्या जागेवर कडं दिसलं. रिकामं, तेल लावून चकचकीत केलेलं, नावाची बाजू वर.

आता दर रविवारी मी त्यात धुतलेला रुमाल सरकवून खिडकीशी ठेवते. माझा रुमाल आठवडाभरात मळतो. तो दुसरा पुढच्या रविवारीही घडी न मोडता तसाच असतो.