सगळे रिपोर्ट चांगले

काच कापताना हात लटपटला तसा काचवाल्यानं काम तिथंच थांबवलं. छातीवर दगड ठेवल्यासारखं तर महिनाभर वाटत होतं. मान आखडलेली, जेवणावरची वासना उडालेली. त्याचे वडील असेच छातीला हात लावून गेले होते. आता आपला नंबर, असं त्यानं मनाशी धरलं.

छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. काही निघालं नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तू आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाशील." घरचे हसले. तो जास्तच घाबरला. मशिनलाही सापडत नाही, म्हणजे दुखणं किती आत दडलं असेल?

बायकोनं त्याला पुन्हा दवाखान्यात ओढत नेलं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिला थोडा वेळ बाहेर बसवलं.

"झोप लागते?"

"पहाटेच जाग येते. मग भीत पडून राहतो."

"कामात मन रमतं?"

हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण मान नकारार्थी हलली.

"जगणं नकोसं वाटतं का?" बाईंनी शांतपणे विचारलं.

त्याला दुकानातली ती काच आठवली. हात लटपटला तो अशक्तपणानं नव्हताच. काचेच्या धारेकडे बघताना एक विचार आला होता, आणि त्या विचारालाच तो भ्याला होता.

"आला होता मनात," तो कसंबसं म्हणाला. "मला वेड लागतंय का?"

"नाही. हे नैराश्य आहे. ते पुष्कळदा छातीत, मानेत, पोटात दुखतं. तुमचं दुखणं खरं आहे, आणि त्यावर उपचार आहेत. पण हे घरी कळायला हवं. बोलावू त्यांना?"

ही कोलमडेल, या धास्तीनं त्यानं मान खाली घातली, मग होकारार्थी हलवली. बायको आली. सगळं ऐकताना तिनं त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"दुकानात तुम्ही एकटे बसायचं नाही," ती म्हणाली. "भाऊजींना बोलावते."

गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बाईंशी बोलणं सुरू झालं. सुरुवातीला काडीचा फरक पडेना. मग जेवण जाऊ लागलं, मान सैल झाली. भीती मात्र अधूनमधून अंगावर यायचीच.

एका दुपारी भाऊ काच कापता कापता थांबला. "दादा, गप्प का?"

"भीती वाटतेय रे."

भावानं हातातलं काम ठेवलं आणि स्टूल ओढून तो शेजारी बसला.