खालून कापलेली बातमी

सभागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. रांग दारातून बाहेर पडून थेट बसथांब्यापर्यंत गेली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाने सोललेल्या संत्र्याची एक फोड चिमटीत धरली होती. स्वयंसेवक बजावत फिरत होते, "खायची नाही हां. घट्ट धरा. ही तुमची भेट."

व्यासपीठावर घोटवाले महाराज बसले होते. समोर टेबलावर रक्तातली साखर मोजायचं छोटं यंत्र, शेजारी पितळी पातेल्यात पाणी.

"यंत्र बाजारातलं आहे," महाराज म्हणाले. "मी काय त्याच्या कानात मंत्र सांगितलाय?"

लोक हसले.

"डॉक्टर म्हणतो, जन्मभर सुई टोच. का नाही म्हणणार? तुमची साखर उतरली तर त्याच्या चहात साखर कुठून येणार? एक घोट घ्या आणि रोगाला सांगा, बाबा रे, वाट धर."

एका गृहस्थांच्या फोड धरलेल्या बोटाला सुई टोचली. पडद्यावर आकडा उमटला: तीनशे बेचाळीस. सभागृह हळहळलं. गृहस्थांनी फोड टोपलीत वाहिली, 'शुद्धी' म्हणून पातेल्यात हात धुतले, पुसले आणि महाराजांच्या तांब्यातून एक घोट घेतला. पुन्हा सुई. एकशे अठरा. टाळ्या इतक्या कडाडल्या, की मागे कोणाचं तरी तान्हं मूल दचकून रडायला लागलं.

ती रांगेत बारावी होती. तिला मधुमेह नव्हता. तिच्या वडिलांना होता. सात आठवड्यांपूर्वी ते याच व्यासपीठावरच्या खुर्चीत बसले होते, आणि त्यानंतर अकराव्या दिवशी गेले.

वडील मुळात भोळे नव्हते. उभी हयात बस आगारात हिशेबनीस म्हणून गेलेली, शेजारी कोणी काही भन्नाट सांगायला लागलं, की विचारायचे, "पेपरात आलंय का? नाही ना? मग सोड." महाराजांचं पेपरात आलं होतं. लेकीच्याच पेपरात. आणि ते पान लावलं होतं लेकीनेच.

बातमीदाराने बातमी बरी लिहिली होती. वर गर्दी, मग आकडे, मग बरं वाटलेल्यांची बोलणी, आणि शेवटी चार ओळी एका डॉक्टरबाईंच्या: हा प्रयोग आम्हाला तपासू दिलेला नाही, कोणीही इन्सुलिन बंद करू नये. पान छपाईला जायच्या तोंडावर एक जाहिरात आली आणि बातमी चार ओळींनी बाहेर सांडू लागली. पेपरात अशा वेळी विचार करायचा नसतो. महत्त्वाचं वर असतं, म्हणून बातमी खालून कापायची. उपसंपादक म्हणून अकरा वर्षं तिने तेच केलं होतं; हात डोक्याला विचारायला थांबलाच नाही. वर तिने मथळाही चांगला ठसठशीत दिला: 'एका घोटात साखर उतरली'.

महाराजांची अट होती: एकवीस दिवस सुई नाही, तपासणी नाही. शंका घेतली की गुण गेला. ती रोज कामावरून फोन करायची, "बाबा, इंजेक्शन घेतलं?" ते म्हणायचे, "घेतलं गं. तू तुझं काम कर." बाबा खोटं बोलत नाहीत, हे तिने जन्मभर गृहीत धरलं होतं. बहुधा एकविसाव्या दिवशी त्यांना तिला चकित करायचं होतं. ते गेल्यावर तिने फ्रिज उघडला तेव्हा आत इन्सुलिनची न फोडलेली बाटली होती, आणि दारावर चुंबकाखाली ती बातमी, कडा सरळ ठेवून कापलेली.

महिन्याने ती डॉक्टरबाईंकडे गेली.

"मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही छापलं नाही."

"बातमीत होतं. मी कापलं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. सांत्वन केलं नाही, रागावल्याही नाहीत. "त्या दिवशीचे फोटो आहेत का? सगळे?"

छायाचित्रकाराने एकतीस फोटो काढले होते. छापला होता एक, महाराजांच्या हसऱ्या चेहऱ्याचा. बाकीचे तीस दोघींनी ओळीने मांडले. बाईंनी एका फोटोवर पेन टेकवलं. "याच्या चिमटीत काय आहे? आणि टोचलंय कुठलं बोट?"

म्हणून आज ती रांगेत होती. बाई मागच्या ओळीत बसल्या होत्या.

तिची पाळी आली. बोट टोचलं. तीनशे सहा.

"मला मधुमेह नाही, महाराज."

"असं सगळेच म्हणतात, बाळ. रोग काय दारावरची घंटा वाजवून येतो?" सभागृह पुन्हा हसलं. तिने हात धुतले, घोट घेतला. ब्याण्णव. टाळ्या.

ती उठली नाही. टोपलीतली एक फोड उचलून तिने चिमटीत जराशी दाबली आणि तेच बोट पुढे केलं. "अजून एकदा."

"एकाला दोनदाच," स्वयंसेवक म्हणाला.

"बघू दे की," पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले. "यंत्र बाजारातलंच आहे ना?"

टोचावंच लागलं. दोनशे शहात्तर.

"तुमचा घोट पोटात आहे," ती म्हणाली. "दोन मिनिटांत साखर आली कुठून?"

"शंकेतून," महाराज म्हणाले. "तू शंका घेऊन आलीस."

"शंका मी हात धुतानाही घेतलेलीच होती. तेव्हा ब्याण्णव आले."

मागून डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. "यंत्र रक्ताचा एक थेंब मोजतं. बोटाला फळाचा रस असला, की त्या थेंबात रसाची साखर मिसळते. हात धुतले, की ती जाते. रोग तिथंच असतो."

रांगेतल्या एका आजींनी आपलं बोट हळूच जिभेला लावलं.

"गोड आहे गं," त्या शेजारणीला म्हणाल्या. मग शेजारणीने चाखलं. मग तिच्या मागच्याने. सगळी रांग बोटं चाटू लागली तसे महाराज ध्यानाला म्हणून आत गेले. त्यांचं ध्यान बहुधा मागच्या दाराशी लागलं, कारण ते परत आले नाहीत.

दुपारी तिने बातमी लिहून संपादकांपुढे ठेवली.

"झकास. पहिल्या पानावर घेऊ," ते म्हणाले. "पण हे चार ओळी कापल्याचं, वडिलांचं, हे काढ. घरचं दुःख चव्हाट्यावर कशाला?"

"साहेब, महाराजांची चलाखी त्या सभागृहापुरती होती. घरोघरी आपण पोचवली."

"एका चुकीपायी पेपरची अब्रू घालवणार?"

"मत कोणाला द्यायचं, तेही लोक आपलं वाचूनच ठरवतात. आपण काय कापलं ते त्यांना कळणारच नसेल, तर ते ठरवणार कशाच्या जोरावर?"

संपादकांनी बातमी पुन्हा वाचली. चष्मा पुसला. "लांब झालीय," ते शेवटी म्हणाले. "जाहिरात हलवतो."

बातमी अखेरच्या शब्दापर्यंत छापून आली. शेवटी लिहिलं होतं: 'चमत्कार दिसला तर तो कोण दाखवतोय ते पाहा, आणि कोणाला तपासू देत नाही तेही. वर्तमानपत्रालाही हाच प्रश्न विचारा, आम्हालासुद्धा.'

सकाळी कार्यालयात फोन खणखणला. एक बाई होत्या, आवाज चढलेला.

"मागच्या वेळीही तुम्हीच छापलं होतं ना? ते वाचून आमचे हे घोट घेऊन आले; आज नऊ दिवस झाले, सुई घेतलेली नाही. आता म्हणता ते खोटं. तुमचं कशावरून खरं मानायचं?"

"मानू नका," ती म्हणाली. "घरात यंत्र आहे?"

"आहे."

"त्यांचे हात साबणाने धुवा, कोरडे करा आणि मोजा. मी थांबते."

नळाचा आवाज आला. मग कोणी पुरुष कुरकुरला, बाईंनी त्याला दटावलं. ती कानाला फोन लावून उभी राहिली.

"ताई," पलीकडून आवाज आला, आता अगदी बारीक. "चारशे साठ."

"दवाखान्यात न्या. आत्ता निघा."

पलीकडे दार उघडल्याचा, धावत्या पावलांचा आवाज आला. फोन ठेवायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.