वायर सिस्टरच्या खिशात

मित्रांनो, कान झाकू नका! मी प्लास्टर कापायची एक जुनी करवत आहे. माझा आवाज मोठा, पण पातं गरगर फिरत नाही, नुसतं थरथरतं. कारखान्यातून आले तेव्हापासून इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत माझा केवढा तोरा! प्लास्टर निघालं की माणसं हात हलवून बघायची, हसायची. मला वाटायचं, चला, आणखी एक माणूस ठणठणीत करून घरी धाडला.

हा भ्रम फिटला तो चित्रकलेच्या बाईंमुळे. अंगणात जरासा पाय घसरला आणि त्यांचं मनगट मोडलं. मी प्लास्टर काढलं, बाई खुशीत गेल्या. वर्ष होतंय न होतंय तोच उंबऱ्याला अडखळून घोटा मोडून परत हजर!

"आता चालायचीच भीती वाटते हो," त्या म्हणाल्या. "मुलांच्या वॉर्डाची भिंत रंगवायची होती, ती राहिलीच." त्यांचे डोळे भरून आले.

आमच्या खोलीतल्या सिस्टर उसळल्या. "हाड जोडलं, पण एवढ्याशा पडण्यानं मोडतंच कसं, हे कुणी बघितलं का?"

"माझं काम जोडायचं," डॉक्टर म्हणाले.

"मग पुढचं मी बघते!"

झालं! माझी वायर सिस्टरच्या खिशात गेली. पन्नाशी उलटलेल्या कुणाचं हाड साध्या पडण्यानं मोडलं असेल, तर हाडांची तपासणी ठरल्याशिवाय मला वीज नाही. पहिला नंबर बाईंचाच लागला. तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. मग औषध, तोल सावरायचे व्यायाम, घरातल्या सरकत्या पायपुसण्यांची उचलबांगडी. शिवाय औषध चालू आहे ना, हे विचारायला सिस्टरचा फोन. मी सुरुवातीला चांगलीच फुगून बसले. पेशंट कुरकुरायचे, डॉक्टर घड्याळ बघायचे, सिस्टर मात्र ढिम्म. हळूहळू डॉक्टरच म्हणू लागले, "वायर द्या सिस्टर, यांची तपासणी ठरवली मी."

परवा बाई पुन्हा दारात दिसल्या आणि मला वाटलं, झालं, पुन्हा काहीतरी मोडलं!

"पायरीवरून पडले हो, चांगली दाणकन!" बाई हसत होत्या. "सगळं तपासून झालं. काही म्हणजे काही मोडलं नाही!"

हातात रंगाचे डबे घेऊन त्या थेट मुलांच्या वॉर्डात गेल्या. भिंतीवर पहिलं चित्र माझं आहे म्हणे. पांघरूण घेऊन घोरणारी गुलाबी करवत!

मित्रांनो, घरात पन्नाशी उलटलेल्या कुणाचं प्लास्टर निघालं, तर नुसत्या टाळ्या वाजवू नका. "हाडं कधी तपासायची?" एवढं नक्की विचारा. कामाची मला हौस आहे, पण त्याच माणसाची दुसरी भेट नको. त्यापेक्षा मला त्या चित्रातल्यासारखं खुशाल घोरत पडू द्या.