हाडांचं दाट पाणी

"ऋतिका, गिळ. चावायचं नसेल तर नुसतं गिळ. मी तीन म्हणायच्या आत."

श्रीरंगने एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि तीनच्या आधीच कलेजीचा तो करडा लगदा ज्या वाटेने आत गेला होता त्याच वाटेने बाहेर आला. सहा वर्षांच्या पोरीच्या पोटात तो राहून राहून राहणार किती? शेजारी बसलेल्या साडेतीन वर्षांच्या संकेतने ताईच्या ताटाकडे एकदा नीट पाहिलं आणि आपल्याकडचंही टेबलाला अर्पण केलं.

आग्नेसबाई फडकं घेऊन आल्या. फडक्याची सकाळपासूनची ही तिसरी फेरी.

"उलटली तरी हरकत नाही," श्रीरंग म्हणाला. "शरीर साखर विसरतंय, त्याची ही लक्षणं."

"साखर विसरतंय का काय ते तुमास्नी ठाव, साहेब," आग्नेसबाई टेबल पुसत म्हणाल्या. "मला तर त्याला कलेजी आठवतेय असंच दिसतंय."

एव्हरशाईन सिटीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गॅसवर हाडं उकळत होती. काल दुपारपासून. मीठ नाही, मसाला नाही, कांद्याची पातसुद्धा नाही. नुसती हाडं आणि पाणी. त्याचा वास कसा होता म्हणाल, तर भिजक्या घोंगडीखाली कुणी चरबीची मेणबत्ती विझवावी तसा. गच्चीवर एक कावळा राहायचा. नाल्याकाठच्या मेलेल्या घुशींवर त्याने तीन पिढ्या वाढवल्या होत्या. तो एकदा या खिडकीच्या गजावर बसला, मान तिरकी करून त्याने आत वास घेतला, आणि बिऱ्हाड उचलून थेट वसई रोडला गेला. कुणाला पटत नसेल तर त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या विनिताला विचारावं. तिने त्याला काड्या चोचीत धरून जाताना पाहिलंय.

मांसाची किळस म्हणावी, तर आग्नेसबाई गास गावच्या. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, शेतांच्या मधोमध घर. लग्नाच्या आदल्या दिवशी अख्खा डुक्कर साफ करताना ज्यांच्या तोंडात गाणं असायचं त्या बाई त्या. वजरी त्यांनी अशी धुवावी की आरशासारखी. पण त्यांचं खरं नाव होतं ते भातात. नवरा सॅन्टन गेला तेव्हापासून तीस वर्षं त्यांनी लोकांकडे रांधलं. टोपात तांदूळ, वर बोट उभं धरायचं, पहिल्या पेराला पाणी टेकलं की झाकण. एकदा म्हणे पाचशे माणसांच्या लग्नात हात पुरेना, तर कोपरापर्यंत बुडवून त्यांनी पाणी मोजलं, आणि भाताचं एक शीत दुसऱ्याला चिकटलं नाही.

ऋतिकाच्या उष्टावणाचा पहिला मऊ भात याच बाईंनी केला होता. संकेतचाही.

आणि आता त्या स्वयंपाकघरात तांदळाचा दाणा नव्हता.

जूनमध्ये श्रीरंग ऑफिसच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत राहून परतला, तो बॅगेत चॉकलेटं न आणता आदिमानव घेऊन आला. पॅलिओ. दहा हजार वर्षांपूर्वी माणूस जे खायचा तेच खायचं. शेती सुरू झाली आणि माणूस बिघडला. म्हणून तांदूळ, गहू, डाळ, दूध, साखर, सगळं बाद. आल्या आठवड्यात त्याने तांदळाचा पिंप वॉचमनला देऊन टाकला. वॉचमनने आधी वास घेऊन पाहिला, कारण एवढा मोठा पिंप फुकट मिळतोय म्हणजे त्यात काहीतरी मेलेलं असणार.

हसण्यावारी न्यावं असंही त्यात काही नव्हतं. त्याच वर्षी चिपळूणला श्रीरंगच्या वडिलांचा पाय डायबेटिसने गुडघ्याखाली कापला होता. तो हे एकदाच बोलला, फ्रीज उघडा धरून, आत बघत.

"बाबा तिन्ही त्रिकाळ भात खायचे, आग्नेसबाई. माझ्या पोरांचं तसं नाही होऊ देणार मी."

आग्नेसबाईंना स्वतःलाच शुगर होती.

गणपतीत श्रीरंगने तांदळाच्या पिठीऐवजी बदामाच्या पिठाचे मोदक करवले. ते वाफेवर ठेवताच एकेक करून मान टाकून बसले. बाप्पाने काही तक्रार केली नाही, तेव्हा श्रीरंगला तेही पटल्यासारखं वाटलं.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी आग्नेसबाई हॉलमध्ये झाडू मारत होत्या. देव्हाऱ्यापुढे ऋतिका पाठमोरी बसलेली.

"काय गं बाय, देवाला काय मागतेस?"

पोरगी वळली. ओठ लाल, हनुवटी लाल. आग्नेसबाईंना वाटलं रक्त आलं. जवळ गेल्या, तर कुंकू. पोरीच्या मुठीत अक्षता होत्या, आणि दाताखाली कच्चे तांदूळ कडकड वाजत होते. चांदीची वाटी तळापर्यंत रिकामी.

"मावशी, पप्पांना नको सांगू."

"थुंक. थुंक आधी. कच्चं खाऊ नये."

"नाही थुंकणार," ऋतिका म्हणाली आणि आवंढा गिळला. "हे येत नाही परत. बघ, पोटात राहतं."

आग्नेसबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं. तीन महिने त्यांनी या घरात रक्त, चरबी, मज्जा धुतली, तेव्हा किळस आली नव्हती, ती आता आली. देवाच्या वाटीतून चोरून खावं लागतं, त्या घरातलं अन्न सगळं नासलेलं असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच्या डब्यातला भात घेऊन स्वयंपाकघरात शिरू लागल्या. स्वतःच्या जेवणाचा भात. हाडांचं पाणी गाळायचं, भात मिक्सरला फिरवून पेजेसारखा करायचा, आणि पाण्यात घोटायचा. शिवाय चिमूटभर मीठ. बाटलीत भरायचं आणि कुणाच्या नजरेला नजर न देता पदर खोचायचा.

पहिल्याच दिवशी संकेतने कप पालथा करून दाखवला. "मावशी, अजून."

श्रीरंगने चमच्याने ते पाणी हलवून बघितलं. त्याचे डोळे चमकले.

"विनया, बघितलंस? केवढं दाट! हे हाडांतलं कोलॅजन. आधी आच जास्त होत होती. आग्नेसबाई, तुम्हाला जमलं हं आता."

"जमलं, साहेब," आग्नेसबाई म्हणाल्या.

विनया, त्याची बायको, नालासोपाऱ्याला हायस्कूलमध्ये सायन्स शिकवायची. कप उचलून तिने उजेडात धरला आणि खाली ठेवला.

पाच आठवड्यांत पोरांचे गाल भरले. संकेत रडायचा थांबला. देव्हाऱ्यातल्या अक्षता वाटीत जशाच्या तशा राहू लागल्या. मजा अशी की भात सोडल्याने इकडे आग्नेसबाईंची शुगर उतरली. डॉक्टर म्हणाले, काय करता हो बाई तुम्ही? त्या घरात आदिमानवाचा आहार मन लावून पाळणारं माणूस एकच होतं, आणि त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

सगळं असंच चाललं असतं. पण श्रीरंगला आनंद एकट्याला पेलवेना. त्याने लिफ्टमध्ये पोरांचे गाल दाखवले. पार्किंगमध्ये दाखवले. मग सोसायटीतल्या तीन घरांनी तांदळाचे डबे खाली केले.

एका सकाळी जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची विनिता भेटली. कडेवर चार वर्षांचा विघ्नेश. त्याची मान तिच्या खांद्यावर पडलेली, ओल्या फडक्यासारखी.

"आग्नेसबाई, तुमच्याकडचं सूप दाट कसं होतं हो? माझं नुसतं पाणी. हा तोंडच लावत नाही. काल चक्कर येऊन पडला शाळेत."

"मग भात द्या की वयनी त्याला."

"अहो, कसं देऊ? तुमच्याकडची मुलं बघितली ना. मीच कुठेतरी चुकतेय."

आग्नेसबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. विघ्नेशच्या तोंडाला तोच चरबीचा वास येत होता. दोन पोरांच्या तोंडी घास गेला, तो तीन घरांतल्या पोरांच्या तोंडून काढून. आणि तो काढणारा हात आपला. त्या दिवशी त्यांना स्वतःच्या हाताचा वास नकोसा झाला. साबणाने दोनदा धुतला तरी.

त्या रविवारी क्लब हाऊसमध्ये श्रीरंगने कार्यक्रम ठेवला. पन्नासेक माणसं. भिंतीवर आदिमानवाचं चित्र. भाला घेतलेला, चड्डी नसलेला. पुढे टेबलावर हाडांच्या पाण्याचा टोप. ऋतिका आणि संकेत खुर्चीवर उभे केलेले, प्रदर्शनातल्या भोपळ्यांसारखे.

"आणि आता," श्रीरंग म्हणाला, "ज्यांच्या हाताला हे जमलं त्या आग्नेसबाईच सांगतील, इतकं दाट कसं करायचं. या बाई, लाजू नका."

आग्नेसबाई पुढे आल्या. पहिल्या रांगेत विनिता वही उघडून, पेन टेकवून बसली होती. मांडीवर विघ्नेश झोपलेला. भर अकरा वाजता.

"हाडं उकळायची," आग्नेसबाई म्हणाल्या. "मंग गाळायची. मंग वाटीभर भात वाटून घालायचा."

विनिताने 'वाटीभर' लिहिलं आणि पेन थांबलं.

"भात?" मागून कुणीतरी विचारलं.

"भात. माज्या डब्यातला. पाच आठवडे झाले. पोरं भातानं फुगलीत. हाडांनी नाय."

श्रीरंग हसला. "बाई गंमत करतायत. त्यांना गंमत करायची सवय आहे. विनया, तू सायन्सची टीचर, दाखव यांना. आयोडीन आहे ना आपल्याकडे? भात असेल तर निळं-काळं होईल. होऊन जाऊ दे."

आयोडीन वर घरातल्या औषधांच्या कपाटात असायला हवं होतं. विनयाचा हात पर्समध्ये गेला. तपकिरी बाटली तिथेच होती. तिने बूच काढलं, तेव्हा टेबलाशी उभ्या आग्नेसबाईंना ड्रॉपरच्या टोकावर सुकलेला निळा-काळा डाग दिसला. जुना. हिने आधीच तपासून पाहिलं होतं, आणि ही गप्प बसली होती. विनयाने वर पाहिलं. दोघींची नजर भेटली. विनयाने आपली खाली घेतली.

थेंब पडला. टोपात शाई सांडल्यासारखा काळा ढग पसरला.

मग विनिता उठली, विघ्नेशला खांद्यावर टाकलं आणि चपला न घालता, हातात घेऊन, जवळजवळ धावत घरी गेली. थोड्याच वेळात दुसऱ्या मजल्यावरून कुकरची शिट्टी ऐकू आली. आदिमानव भिंतीवर भाला घेऊन तसाच उभा.

वर घरी श्रीरंग ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझ्या बाबांचा पाय तुम्हाला माहीत होता, आग्नेसबाई."

"व्हता."

"तरी?"

"तुमच्या बाबांना काय झालं त्याचं वाईट वाटतंय मला, साहेब. पन ही पोरं तुमचे बाबा नायत."

"उद्यापासून येऊ नका."

विनया खिडकीशी उभी होती. तिने एक शब्द काढला असता, 'मलाही माहीत होतं' एवढाच, तर गोष्ट वेगळी झाली असती. तिने पडदा सारखा केला.

आग्नेसबाईंनी तो टोप राखेने घासला. काळं पाणी गेलं, चरबीचा थर गेला, वाससुद्धा गेला. टोप पालथा घातला, किल्ली त्याच्यावर ठेवली, आणि जिना उतरल्या. लिफ्टने गेल्या नाहीत.

पुढच्या रविवारी आगेरा होता. नव्या भाताचा सण. दिराने, बॅप्टिस्टने, शेतातल्या पहिल्या लोंब्या कापून चर्चमध्ये नेल्या, पाद्रीबाबांनी त्यांच्यावर पाणी शिंपडलं, आणि प्रत्येकाने एकेक लोंबी घरी आणून दारावर अडकवली. आग्नेसबाईंनी नव्या तांदळाचा भात लावला. बोटाचं पेर, झाकण. नारळाच्या रसात बोंबील.

दुपारी अंगणात स्कूटर थांबली. विनया. पुढे संकेत, मागे ऋतिका.

"ते ऑफिसच्या कामाला पुण्याला गेलेत, रात्री परततील," विनया म्हणाली. मग जरा थांबून, "बाई, थोडासा भात वाढाल दोघांना? त्यांना कळू द्यायचं नाही."

आग्नेसबाईंनी पाट मांडले, ताटं ठेवली. टोप आणून पुढ्यात ठेवला, आणि भातवाढी विनयाच्या हातात दिली.

"मी लपवून वाढायचं सोडलंय, वयनी. तुमची पोरं, तुमी वाढा."

विनया भातवाढी धरून उभी राहिली. भाताची वाफ तिच्या चष्म्यावर बसली. ऋतिकाने ताट उचलून पुढे केलं, दोन्ही हातांनी, आणि तशीच धरून राहिली. शेवटी विनयाने वाढलं.

पोरं जेवली. कुणी एक म्हटलं नाही, कुणी दोन म्हटलं नाही.

मग विनयाने पर्समधून साबण काढला. घरून आणला होता. विहिरीपाशी नेऊन तिने दोघांचे हात धुतले, तोंडं धुतली, चुळा भरायला लावल्या, दातांतून बोट फिरवलं, जवळ जाऊन एकेकाच्या तोंडाचा वास घेतला आणि पुन्हा धुतलं. फ्रॉक झटकला. शर्टाच्या बाह्या उलट्या करून बघितल्या. अंगावर घाण सांडल्यावर करतात तसं. आग्नेसबाई ओटीवरून बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटत होतं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

"झालं ना? काही राहिलं नाही ना?" विनयाने विचारलं.

ऋतिकाच्या फ्रॉकच्या कॉलरमागे, वेणीच्या मुळाशी, भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. पांढरं, टपोरं, अख्खं.

पन्नास माणसांसमोर खरं बोललेल्या आग्नेसबाईंनी ते पाहिलं, आणि मान हलवून म्हणाल्या, "काय नाय राहिलं."

स्कूटर वळली. केळीच्या बागांमधून ते शीत एव्हरशाईन सिटीकडे निघालं.