काकूंची ओळ

टेबलाच्या कोपऱ्यात बसलेला तो काचेचा गोळा दिसतो ना, मित्रांनो? तोच मी, एक जुना पेपरवेट. कारागिराने भट्टीतल्या लालबुंद काचेत फुंकर घातली आणि तिचा एक बुडबुडा माझ्या पोटात कायमचा राहिला. मी त्यालाच माझा जीव समजतो.

सरकारी कचेरीच्या पेन्शन विभागात मी पंचवीस वर्षे काढली. माझे मालक तिथले हेडक्लार्क. सगळे त्यांना अण्णा म्हणत. निवृत्त होणारा माणूस भांबावून समोर बसला की अण्णा त्याला शांतपणे समजावत. पेन्शन म्हणजे बक्षीस नव्हे, केलेल्या नोकरीचे वेतनच ते, म्हणून त्यावर कर लागतो आणि ते पगाराच्याच रकान्यात लिहायचे. पंखा कितीही पिसाळला तरी मी एक कपटा उडू दिला नाही. साहेब म्हणत, अण्णा आणि त्यांचा गोळा, दोघेही जागचे हलायचे नाहीत. निवृत्तीच्या दिवशी अण्णांनी मला मागून घेतले.

घरी काकू होत्या, अण्णांच्या पत्नी, सरकारी इस्पितळातल्या निवृत्त परिचारिका. अण्णा दोघांच्या कराची आकडेमोड करत आणि काकू कंटाळून मला भोवऱ्यासारखे फिरवत. मला गरगरायचे, पण फार आवडायचे.

मग देवाने काकूंना बोलावून घेतले. तेव्हापासून मला कुणी फिरवले नाही. अण्णा मला तळव्यात धरून तासन्‌तास बसत.

काकूंच्या माघारी त्यांच्या पेन्शनचा काही भाग अण्णांना ‘फॅमिली पेन्शन’ म्हणून मिळू लागला. यंदा शेजारची मुलगी त्यांचे कराचे विवरणपत्र भरायला आली. ती करसल्लागार आहे. अण्णांचा कच्चा कागद पाहून ती थबकली. त्यांनी स्वतःची आणि काकूंची, दोन्ही पेन्शनच्या रकमा एकत्र करून स्वतःच्या पगारात लिहिल्या होत्या. फॅमिली पेन्शन ‘इतर उत्पन्ना’त जाते आणि तिचा काही भाग करातून सुटतो, हे अण्णांनीच तिला शिकवले होते. गेल्या वर्षीही ते असाच जादा कर भरून गप्प बसले होते.

“जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात अण्णा, आणि हे काय?”

“घर एकच होतं गं आमचं,” अण्णा म्हणाले. “तिचं वेगळं लिहिलं, की ती गेली असं मीच सही करून दिल्यासारखं होतं.”

मुलीने मला उचलून कागद अण्णांपुढे सरकवला आणि मला पुन्हा त्यावर ठेवले.

“तीस वर्षं उभ्यानं राबल्या काकू. ती कमाई तुमच्या पगारात कशाला बुडवता? त्यांची ओळ त्यांना द्या ना.”

अण्णांनी खोडरबर उचलले. कागद मी घट्ट धरला. एकत्रित आकडा पुसला गेला आणि काकूंची रक्कम वेगळ्या ओळीत, सुंदर अक्षरात उतरली. मग अण्णांनी दोन बोटांनी मला हलकेच फिरवले. किती दिवसांनी!

मित्रांनो, कागद सांभाळायला मी पुरेसा आहे. माणसाजवळ मात्र माणसानेच बसावे लागते. तुमच्या ओळखीत असे कुणी अण्णा असतील, तर त्यांच्या टेबलाशी घटकाभर टेका. आणि जाता जाता माझ्यासारख्याला एक गिरकी द्या.